घरात माणसं किती?

भानुदासरावांनी चष्मा पुसला, डायनिंग टेबलावरची चटणीची बरणी बाजूला सरकवली आणि फॉर्म पुढ्यात ओढला. घरभाड्याची मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसकडून हा फॉर्म दरवर्षी मार्चमध्ये येई आणि दरवर्षी त्यांचा मुलगा प्रितम तो भरून देई. यंदा प्रितमला वेळ नव्हता. त्याच्या कंपनीत कसलंसं रिलीज होतं, आणि रिलीज असलं की तो फोनवर फक्त "हं" एवढंच बोलत असे. तेव्हा भानुदासरावांनी जाहीर केलं, की ज्या माणसाने नागपूरच्या रेशनिंग ऑफिसात वीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले, त्याने स्वतःचा फॉर्म पोराकडून भरून घ्यावा ही शरमेची गोष्ट आहे.

"मग इतकी वर्षं कसा घेतला?" कांताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं."

वीस वर्षांपूर्वी बहिणीने कागद करून बोलावलं म्हणून भानुदासराव बायको-मुलासह कॅलिफोर्नियात आले. सनीव्हेलमधल्या एका कंपनीच्या स्टोअररूममध्ये त्यांनी पंधरा वर्षं खोके मोजले, ते इतक्या शिस्तीत की साहेब सुटीवर गेले तरी कोणाला कळत नसे. मग कंपनीच बंद पडली. हातात आलं ते पेन्शन सनीव्हेलच्या भाड्यापुढे चिमूटभर. त्यांनी मदतीसाठी अर्ज केला, दोन वर्षं यादीत नाव राहिलं, आणि २००४ साली एका बेडरूमचं हे घर मिळालं. स्वतःच्या मिळकतीतला साधारण तिसरा हिस्सा ते भरत, बाकीचं सरकार भरत असे. बाल्कनीतून लायब्ररी दिसायची. कांताबाईंनी बाल्कनीत मेथी लावली होती. एकूण दोघांचं झकास चाललं होतं.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर कुटुंबातल्या सगळ्या व्यक्तींची नावं विचारली होती आणि त्यासाठी आठ ओळी सोडल्या होत्या. पहिल्या ओळीत भानुदासरावांनी स्वतःला बसवलं, दुसरीत कांताबाईंना. खाली सहा ओळी मोकळ्या. रेशनिंग ऑफिसातल्या माणसाला मोकळी ओळ बघवत नाही. कार्डावर जितकी नावं जास्त तितकी साखर जास्त, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. मुलगा पुण्याला नोकरीला जावो की मुलगी लग्न होऊन रायपूरला जावो, कार्डावरचं नाव कोणी कमी करत नसे. एखादा भोळा माणूस तसा अर्ज घेऊन आलाच, तर भानुदासराव स्वतः त्याला चहाच्या टपरीवर नेऊन समजावत. "अहो, नाव चढवायला एक अर्ज लागतो, कमी करायला सहा. राहू द्या, कोणाचं काय खातंय?"

तिसऱ्या ओळीत त्यांनी प्रितमचं नाव लिहिलं. चौथ्या ओळीत सूनबाई उपासना. पाचव्या ओळीत नात आश्लेषा, वय आठ, व्यवसाय विद्यार्थिनी. तिथे 'वर्गात पहिली' असं लिहायलाही थोडी जागा निघाली. पुढे उत्पन्नाचा रकाना होता. प्रमोशन झालं तेव्हा प्रितमच्या तोंडून एक आकडा त्यांनी ऐकला होता. तो त्यांनी लिहिला, त्यात बोनस मिळवला आणि वर अजून थोडा चढवला, कारण बापाने पोराचा पगार कमी लिहायचा म्हणजे काय? मग उपासनाला वाईट वाटू नये म्हणून तिचाही आकडा घसघशीत लिहिला. उरलेल्या तीन ओळींवर पट्टी लावून तिरकी रेघ मारली.

"कोणाकोणाचं लिहिलं?" सही करायला पेन हातात घेत कांताबाईंनी विचारलं.

"सगळ्यांचं."

"छान केलं." त्यांनी सही केली, फॉर्म घडीभर बुद्धमूर्तीसमोर ठेवला आणि दुपारी स्वतः पोस्टात टाकून आल्या.

एप्रिलच्या शेवटी उत्तर आलं. दोघांनी ते दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात ऑफिसने लिहिलं होतं, की आपल्या कुटुंबाच्या उत्पन्नात लक्षणीय वाढ झाल्याची नोंद घेतली आहे.

"अभिनंदन करून राहिले की काय आपलं?" कांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या परिच्छेदात अभिनंदन नव्हतं. उत्पन्न मर्यादेच्या फार पुढे गेल्यामुळे एक जूनपासून भाड्याची मदत बंद होत होती. शिवाय एका बेडरूमच्या घरात पाच माणसं राहणं नियमात बसत नसल्यामुळे घरमालकालाही कळवण्यात येत होतं. काही म्हणणं असेल तर दहा दिवसांत येऊन भेटा. भानुदासरावांनी पूर्ण भाड्याचा आकडा वाचला आणि खुर्चीत बसले. तो दोघांच्या महिन्याच्या सगळ्या मिळकतीपेक्षा जास्त होता.

"पाच माणसं लिहिल्यावर मोठं घर द्यायला पाहिजे होतं यांनी," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी प्रितम आणि उपासना आश्लेषाला न्यायला आले. शाळा सुटल्यावर ती रोज आजीकडेच असे. प्रितमने पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग फॉर्मची झेरॉक्स वाचली, कारण भानुदासराव कुठल्याही कागदाची झेरॉक्स ठेवल्याशिवाय तो घराबाहेर सोडत नसत.

"बाबा! तुम्ही आम्हाला इथे ॲड केलं? का?"

"तू माझा मुलगा आहेस म्हणून."

"अहो, पण मी इथे राहत नाही! हे रेशन कार्ड नाहीये. इथे जितकी माणसं तितकं इन्कम मोजतात. आणि हे काय? एवढा पगार? एवढा पगार माझ्या मॅनेजरला पण नाही, यार!"

"मिळेल पुढे."

"आणि माझा?" उपासनाने झेरॉक्स ओढून घेतली. तिने आकडा पाहिला आणि रागवायचं की खूश व्हायचं हे तिला ठरवता येईना. "बाबा, मला थँक्यूच म्हणायला पाहिजे तुम्हाला."

"सोपं आहे," प्रितम म्हणाला. "चूक करेक्ट करू. एक लेटर लिहायचं. प्रितम, उपासना आणि आश्लेषा आमच्या हाउसहोल्डमध्ये नाहीत, नावं चुकून लिहिली गेली. बाबा आणि आई, दोघांनी साइन करायची. डन."

स्वयंपाकघरात भाजीची फोडणी बसली आणि पाठोपाठ कांताबाई उलथणं घेऊन बाहेर आल्या.

"काय लिहायचं म्हणालास?"

"की आम्ही तुमच्या घरातले नाही."

"मी नाही सही करत."

"आई, नुसता पेपर आहे गं."

"असू दे ना बाप्पा पेपर! माझा मुलगा माझ्या घरातला नाही, असं मी माझ्या हाताने सरकारला लिहून देऊ? का? भांडण झालं आपलं? तिकडे नागपुरात लोक कोर्टात जातात असे कागद करायला. आपल्या सात पिढ्यांत कोणी केला नाही."

"आई, पण आपण राहतो वेगळे."

"ते मला माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे," कांताबाई म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

खरी गोष्ट अशी, की वेगळं राहायचं म्हणून कांताबाईंनी कधी तक्रार केली नव्हती. घर मिळालं तेव्हा त्या आनंदानेच आल्या होत्या. पण प्रितमने एकदाही, अगदी वरवर तोंडदेखलं सुद्धा, 'माझ्याकडे चला' असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्या गेल्या नसत्या. त्यांना फक्त नाही म्हणायची संधी हवी होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि न सांगितल्यामुळे ते मनात चांगलं मुरलं होतं.

पुढचे पाच दिवस सगळ्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. भानुदासरावांनी कायदा समजावला. प्रितमने हिशेब समजावला. आश्लेषाने, कोणी न विचारता, "आजी, just sign it, it's not a big deal" असं सांगून पाहिलं आणि तिला त्या दिवशी शिरा मिळाला नाही. सही केली नाही तर हे घर जाणार, हे कांताबाईंना पुरतं कळत होतं. बाल्कनीतल्या मेथीपुढे उभं राहून त्या एकदा चक्क रडल्या. पण सहीचं नाव काढलं की त्या पोळपाट घेऊन बसत आणि मागच्या जन्मीचं वैर असल्यासारख्या पोळ्या लाटत.

शेवटी मार्ग काढला उपासनाने. "आईंची सही कशाला हवी? आपल्या अपार्टमेंटचं लीज आहे ना? भाड्याचा करार. आपण तिघं तिथे राहतो हे त्यात लिहिलेलंच असणार. तो कागद दाखवला की ऑफिस आपोआप नावं काढेल. आई, तुम्हाला काही लिहून द्यायला नको. चालेल?"

कांताबाईंनी विचार केला. "मी काही लिहिणार नाही. तुमचा कागद तुम्ही दाखवा."

प्रितमचा चेहरा का कोण जाणे जरा उतरला. "दुसरं काही दाखवू या ना. लाइट बिल वगैरे."

"लाइट बिलावर तुझं एकट्याचं नाव आहे," उपासना म्हणाली. "लीज बेस्ट. तुला काय प्रॉब्लेम आहे?"

"काही नाही," प्रितम म्हणाला.

सोमवारी चौघं ऑफिसात गेले. त्यांची केस बघणाऱ्या मिसेस ऑर्टेगा पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या बाई होत्या. भानुदासरावांनी सोबत आणलेल्या प्रत्येक फाइलवर चिकटवलेली वर्षवार चिठ्ठी पाहून त्यांना अस्सल सरकारी माणूस भेटल्याचा आनंद झाला. उपासनाने सगळी हकीगत सांगितली आणि करार पुढे ठेवला.

"म्हणजे मुलगा, सून आणि नात या पत्त्यावर राहतात," मिसेस ऑर्टेगा पान उलटत म्हणाल्या. "छान. हे पुरेसं आहे. राहणाऱ्या व्यक्ती..." आणि त्या थांबल्या. त्यांनी चष्मा वर केला, कागद जवळ घेतला. "इथे पाच नावं आहेत."

"तीन," उपासना म्हणाली.

"पाच. प्रितम, उपासना, आश्लेषा. त्याच्याखाली भानुदास आणि कांता."

उपासनाने नवऱ्याकडे पाहिलं. भानुदासरावांनी मुलाकडे पाहिलं. प्रितमने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"तू लिहिलंस?" उपासनाने विचारलं. "मी सही केली होती यावर!"

"तू वाचत नाहीस साइन करताना."

"मला एक कळत नाही," मिसेस ऑर्टेगांचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. "तुमच्या वडिलांच्या कागदावर तुम्ही त्यांच्या घरी राहता. तुमच्या कागदावर ते तुमच्या घरी राहतात. मग आम्ही ज्या घराचं भाडं देतो, तिथे राहतं कोण?"

भानुदासरावांच्या कपाळावर घाम आला. घर रिकामं ठेवून मदत घेणं, किंवा त्यात दुसऱ्याच कोणाला भाड्याने ठेवणं, म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मदत तर जाईलच, पण तीन वर्षांची दिलेली मदतही परत मागतील. आणि नावाला जो डाग लागेल तो वेगळाच.

"ही नावं कधी लिहिलीस?" त्यांनी मराठीत विचारलं.

"दोन हजार चारमध्ये," प्रितम म्हणाला. "आपण तेव्हा सगळे त्या छोट्या घरात दाटीवाटीने राहत होतो ना. मी थ्री बेडरूम पाहिलं. एक खोली तुमच्यासाठी. लीज साइन केलं. रविवारी तुम्हाला सरप्राइज देणार होतो. आणि शनिवारीच तुम्ही पेढे घेऊन आलात, की तुम्हाला स्वतःचं घर मिळालं म्हणून. एवढे खूश होता तुम्ही दोघं. म्हटलं, आता काय सांगायचं?"

"पण त्यानंतर दरवर्षी नवा करार होतो," उपासना म्हणाली. "तेव्हा काढायची ना नावं."

प्रितमने मान खाली घातली. "काढावीशी वाटली नाहीत."

"आणि मला म्हणत होतास रेशन कार्ड!" भानुदासराव म्हणाले. एवढ्या संकटातही त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

"ते काय म्हणताहेत?" मिसेस ऑर्टेगांनी विचारलं. पण कोणालाच त्याचं नीट भाषांतर जमेना. त्यांनी फाइल मिटली आणि सांगितलं, की परवा सकाळी दहा वाजता त्या स्वतः घर बघायला येतील, आणि तिथे कोण राहतं ते डोळ्यांनी पाहूनच ठरवतील.

चौघं गाडीने घरी निघाले. एल कमिनो रस्त्यावरच्या तिसऱ्या सिग्नलला मागच्या सीटवरून कांताबाईंचा आवाज आला.

"माझं नाव कितवं आहे?"

"कशात, आई?"

"तुझ्या त्या कागदावर."

"पाचवं."

"बाबांच्या खाली का?"

"आई, आपण जेलमध्ये जाऊ आणि तू नंबर विचारतेस?"

"विचारून राहिली मी नुसतं," कांताबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत हसत बसल्या. घरी येईपर्यंत त्यांनी सुनेला दोनदा विचारलं, की करारावर पूर्ण नाव लिहिलंय की नुसतं 'आई'.

पुढचा दीड दिवस तयारीत गेला. प्रितमचं म्हणणं असं, की त्या घरात फक्त दोन माणसं राहतात हे पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. आश्लेषाचा तिथे ब्रश होता, उशी होती, चपलांचे तीन जोड आणि फ्रिजवर चिकटवलेली बावीस चित्रं होती. ते सगळं गाडीत गेलं. मग उपासनाच्या लक्षात आलं, की दोन माणसांना सहा खुर्च्या लागत नाहीत. चार खुर्च्या गेल्या. दोन माणसांना पंधरा वाट्यांचा कुकर कशाला? तोही गेला. ताटं गेली, जास्तीच्या चादरी गेल्या, प्रितमने आणलेला टीव्ही गेला. फ्रिज उघडला तर आत सात जणांचं जेवण. कांताबाई नेहमी तेवढाच स्वयंपाक करत.

"दोघांच्या फ्रिजमध्ये एवढं? नो वे," प्रितम म्हणाला, आणि डबे पिशव्यांत भरले.

एरवी कांताबाईंनी आपल्या स्वयंपाकघराला कोणाला हात लावू दिला नसता. पण सोमवारपासून त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. "ने, हेही ने. तेही ने," असं म्हणत त्या स्वतःच गाडीत सामान ठेवत होत्या. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी फरशी पुसली, ओटा घासला, आणि उरलंसुरलं कपाटात कोंबून दारं लावून टाकली.

बुधवारी दहाच्या ठोक्याला मिसेस ऑर्टेगा आल्या. मदतीला म्हणून प्रितम आणि उपासनाही अर्धी रजा काढून हजर होते. मिसेस ऑर्टेगा दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी घर पाहिलं. दोन खुर्च्या. एक टेबल. पांढऱ्या भिंती. त्यांनी फ्रिज उघडला. आत दुधाचा एक डबा आणि तीन हिरव्या मिरच्या. बाथरूममध्ये दोन ब्रश अगदी कोरे, कारण जुने बरे दिसत नाहीत म्हणून उपासनाने कालच नवे आणले होते. मिसेस ऑर्टेगांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

"मी स्पष्टच विचारते," त्या म्हणाल्या. "इथे कोणी राहतं का?"

प्रितमने डोळे मिटून घेतले. त्याने घर इतकं चोख रिकामं केलं होतं, की त्याचे आई-बाबाही त्यातून निघून गेले होते.

"राहतो! आम्ही राहतो!" भानुदासराव म्हणाले. "तीन वर्षं!"

"सर, हे घर कालच रंगवून ठेवल्यासारखं दिसतंय."

कांताबाई पाणी घेऊन आल्या. सरकारी कामावर असताना काही घेता येत नाही, फक्त पाणी चालतं, असं मिसेस ऑर्टेगांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. म्हणून ते पाणीच होतं. त्यात लिंबू, साखर, मीठ आणि वेलदोडा होता एवढंच. मिसेस ऑर्टेगांनी एक घोट घेतला, ग्लासकडे पाहिलं आणि सगळं संपवलं.

"मॅडम," कांताबाई आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "यू कम. आय शो."

त्यांनी बाहेरच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं. हे कपाट रिकामं करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि काल घाईघाईत उरलेलं सगळं त्यातच कोंबलं गेलं होतं. दार उघडताच दह्याचे रिकामे डबे बाहेर घरंगळले. धुतलेले, पुसलेले, झाकणांसकट, एकात एक बसवलेले, तीन वर्षांचे. त्यांच्यामागे एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या दोनशे लहान पिशव्या. लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या. भाजीच्या जुडीला येणाऱ्या रबरांचा नारळाएवढा गोळा. जुन्या बनियनची पुसणी, घडी घालून. आणि ज्या खोक्यांत भानुदासरावांनी फॉर्मच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या ती सात खोकी, प्रत्येकावर साल.

मिसेस ऑर्टेगा खाली वाकल्या. त्यांनी एक डबा उचलला, झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं.

"माझी आई मार्जरीनच्या लोण्याचे डबे ठेवायची," त्या म्हणाल्या. "ती गेली तेव्हा आम्हाला तिच्या घरात एकशे चाळीस सापडले." त्यांनी डबा कपाटात परत ठेवला आणि कागदावरचं मघाचं वाक्य नीट, शेवटपर्यंत खोडलं. "ठीक आहे. इथे माणसं राहतात. आता मला फक्त एवढंच सांगा, किती?"

सगळ्यांनी कांताबाईंकडे पाहिलं.

मिसेस ऑर्टेगांनी फॉर्मचं दुसरं पान टेबलावर ठेवलं. जी तीन माणसं इथे राहत नाहीत त्यांच्या नावांवर रेघ मारायची, बाजूला आद्याक्षरं लिहायची आणि खाली दोघांनी सही करायची. मुलाच्या अपार्टमेंटच्या मॅनेजरकडून, आई-वडील प्रत्यक्षात तिथे राहत नाहीत एवढं एक पत्र आणायचं, म्हणजे झालं. त्यांनी भानुदासरावांकडे पेन दिलं.

भानुदासरावांनी पेन घेतलं, पट्टी लावली, आणि त्यांचा हात थांबला. तिसऱ्या ओळीत त्यांच्याच वळणदार अक्षरात 'प्रितम' लिहिलं होतं. वीस वर्षं लोकांची नावं राखलेल्या माणसाने स्वतःच्या मुलाच्या नावावर रेघ ओढायची होती. त्यांनी पट्टी सरळ केली. पुन्हा सरळ केली. चष्मा काढून पुसला.

"पेन चालत नाही हे," ते म्हणाले.

"चालतं, बाबा," प्रितम हळूच म्हणाला.

"तूच मार मग."

"मी कसा मारू?"

"काय तुम्ही दोघं!" कांताबाई पुढे आल्या. "द्या इकडे."

त्यांनी पेन घेतलं, पट्टी बाजूला ठेवली आणि तिन्ही नावांवर तीन रेघा मारल्या, अगदी किराण्याच्या यादीतलं सामान आलं की मारतात तशा. बाजूला आद्याक्षरं लिहिली. खाली सही ठोकली आणि शेजारी भानुदासरावांचीही घेतली.

"टू," त्यांनी मिसेस ऑर्टेगांना दोन बोटं दाखवून सांगितलं. "ओन्ली टू."

"आई," उपासनाला राहवेना, "पाच दिवस तुम्ही पेनला हात लावायला तयार नव्हता!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्याने आपलं लिहिलंय ना तिकडे? मग आपण कशाला लिहायचं? एकाने लिहिलं की पुरे."

मे महिन्याच्या वीस तारखेला पत्र आलं. भाड्याची मदत चालू राहणार होती. घरातली माणसं, दोन. भानुदासरावांनी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि आठव्या खोक्यावर २००७ लिहिलं. खुर्च्या परत आल्या, कुकर परत आला, फ्रिजवर बावीसची पंचवीस चित्रं झाली.

मॅनेजरचं पत्र उपासनाने घरीच वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की करारात आई-वडिलांची नावं असून त्यांच्यासाठी एक खोलीही आहे, मात्र ते राहायला कधीच आलेले नाहीत. कांताबाईंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग रविवारी, कोणी बोलावलेलं नसताना, त्या भानुदासरावांना घेऊन बसने प्रितमच्या घरी गेल्या.

"अरे, आई! फोन करायचा ना, मी न्यायला आलो असतो," प्रितम म्हणाला.

"माझी खोली बघायला आले."

प्रितम आणि उपासनाने एकमेकांकडे पाहिलं. "आई, दोन मिनिटं थांबा, मी जरा..." उपासना पुढे धावली, पण कांताबाई तोवर टोकाच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी दार उघडलं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं ही अडगळीची खोली. अडगळ होतीच. मधोमध प्रितमने हौसेने घेतलेलं चालायचं मशीन, आणि त्याच्यावर आठवड्याचे कपडे वाळत घातलेले. पण खिडकी पूर्वेला होती. मिसेस ऑर्टेगांच्या थाटात कांताबाईंनी कपाट उघडून पाहिलं, खोलीत नळ नाही म्हणून शेजारच्या बाथरूमचा नळ सोडून पाहिला, खिडकी सरकवली, आणि मशीनवरचे आश्लेषाचे मोजे बाजूला करून त्याच्या काठावर टेकल्या. भानुदासराव दारातच उभे राहिले.

प्रितमने घसा साफ केला. तीन वर्षं जे बोलायचं राहून गेलं होतं ते त्याच्या तोंडाशी आलं होतं, आणि ते बोलताना त्याचे कान लाल झाले. "आई, बाबा, खरं सांगू? माझ्याकडे या ना राहायला. केव्हाही. रिअली."

कांताबाईंनी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. पदराने नाक पुसलं. ही संधी त्यांना मिळाली होती, आणि ती त्यांनी सावकाश, चांगली चव घेऊन वापरली.

"नाही रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचं तिकडे बरं आहे. पण माझ्या खोलीतलं हे मशीन आधी बाहेर काढ."